दरबारात शिरावं कुठून?

जगात काही प्रश्न असे आहेत, की विचारणारा एक असतो आणि उत्तरं देणारे सतरा. ‘उचकी थांबत नाही हो, काय करू?’ हा त्यांतला पहिला. ‘मुलाला दहावीनंतर कुठल्या लाइनला घालू?’ हा दुसरा. आणि तिसरा, जो तुमच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल, तो म्हणजे ‘किंग क्रिमझन ऐकायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करू?’

पहिल्या दोन प्रश्नांत विचारणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. उचकी तिच्या वेळेला थांबते आणि मुलगा त्याच्या मनातल्याच लाइनला जातो. तिसऱ्याचं तसं नाही. हा प्रश्न दोन चाहत्यांच्या मध्ये पडला, की प्रश्नकर्ता बाजूला राहतो आणि चाहत्यांची जुंपते. अर्ध्या तासाने त्यांना आठवण होते, की अरे, इथे कोणीतरी काहीतरी विचारत होतं! तोवर तो बिचारा घरी जाऊन जुनी भावगीतं लावून बसलेला असतो, आणि पुन्हा म्हणून या वाटेला जायचं नाही अशी त्याने शपथ घेतलेली असते. एका चांगल्या कानाचं असं मातेरं होताना मी पाहिलं आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना हे नावच नवं आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. किंग क्रिमझन हा इंग्लंडातला रॉक बँड. वरातीपुढे वाजतो तो बँड डोळ्यांपुढून काढून टाका. या मंडळींपुढे नाचायला गेलात तर पाय मुरगळेल. १३ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवर एका कॅफेच्या तळघरात यांची पहिली तालीम झाली आणि ८ डिसेंबर २०२१ रोजी टोकियोला शेवटची मैफल. मधल्या त्रेपन्न वर्षांत स्टुडिओत केलेल्या तबकड्या मोजून तेरा. एका दमात ऐकायच्या म्हटल्या तर सुमारे दहा तास लागतात, म्हणजे कचेरीचा एक दिवस आणि जाण्यायेण्याचा वेळ. त्यांच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. ‘प्रागतिक’ असं भाषांतर केलं तर एखाद्या शिक्षणसंस्थेचा भास होतो, म्हणून ते नको. तीन मिनिटांच्या गाण्यात मावत नाही ते सगळं, म्हणजे जाझ, युरोपचं अभिजात संगीत, लोकगीतं, गोंगाट आणि ऐन वेळी सुचेल ते, एका पंगतीला बसवायचं, असा तो प्रकार. या पंगतीत श्रीखंडाशेजारी मिरचीचा ठेचा वाढलेला असतो आणि खाणाऱ्याने तक्रार करायची नसते.

‘क्रिमझन’ या शब्दालाही बिचकू नका. मूळ अरबी शब्दापासून एक शाखा स्पेनमार्गे इंग्रजीत गेली, तिचं ‘क्रिमझन’ झालं. दुसरी फारसीमार्गे आपल्याकडे आली, तिचं ‘किरमिजी’ झालं. तेव्हा किरमिजी राजा हा आपला दूरचा का होईना, नातेवाईकच. त्याच्याकडे जायचं तर संकोच कसला? प्रश्न एवढाच की दार कुठलं?

आता माझी अधिकाराची बाब. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याला बँकेत कारकून. गिटारची तार कुठे दाबली म्हणजे कुठला सूर निघतो हे मला ठाऊक नाही. पण या बँडचा इतिहास वाचला आणि बारावीच्या पुस्तपालनाचा आयुष्यात प्रथमच उपयोग झाला. ज्यांनी तो विषय घेतला असेल त्यांना आठवत असेल: भागीदाराचा प्रवेश, भागीदाराची निवृत्ती, भागीदाराचा मृत्यू, भागीदारी संस्थेचं विसर्जन, आणि या सगळ्यांत बोकांडी बसणारी ती ‘ख्याती’. किंग क्रिमझन म्हणजे हा अख्खा अभ्यासक्रम, गिटारवर वाजवलेला.

मूळ भागीदार पाच. रॉबर्ट फ्रिप गिटारवर, इयन मॅकडॉनल्ड सॅक्सोफोन, बासरी आणि पेटीवर, ग्रेग लेक गायनाला, मायकेल जाइल्स ड्रमवर आणि पीटर सिनफील्ड शब्दांना. सिनफील्ड काहीच वाजवत नसे. तो गाणी लिही आणि मैफलीत दिवे सांभाळी. ५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मैफलीआधी, लाखोंच्या गर्दीपुढे, ही सहा महिन्यांची पेढी वाजवून गेली. ऑक्टोबरमध्ये पहिली तबकडी निघाली आणि इंग्लंडच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली. डिसेंबरात, अमेरिकेच्या दौऱ्याच्या शेवटी, मॅकडॉनल्ड आणि जाइल्स निवृत्त! फ्रिप म्हणाला, मी जातो, तुम्ही राहा. ते म्हणाले, नको, तूच राहा. इतक्या सभ्यपणे मोडलेली भागीदारी मी कर्जविभागात एकदाही पाहिलेली नाही. काही महिन्यांत लेकही दुसऱ्या पेढीत गेला. त्यानंतर पुढची पन्नास वर्षं माणसं येत राहिली, जात राहिली. सगळ्या हजेरीपटांत कायम नाव फक्त एक, फ्रिप. वडिलांच्या घर-जमीन विक्रीच्या कचेरीत काही काळ काम केलेला हा गृहस्थ मैफलीत स्टुलावर बसून वाजवी. बाकीचे घामाघूम, आणि हा मात्र पासबुकात नोंद करत असल्यासारखा.

तर अशी ही पेढी. दर थोड्या वर्षांनी बंद होणारी आणि त्याच पाटीखाली दुसराच माल घेऊन उघडणारी. म्हणून चाहत्यांमध्ये पंथ पडले आहेत. त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिला आदिपंथ. याचं म्हणणं सरळ आहे: पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात, तेव्हा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’, १९६९, विषय संपला. या तबकडीच्या वेष्टनावर एक किंचाळणारा प्रचंड चेहरा आहे. बॅरी गॉडबर नावाच्या तरुणाने तो रंगवला. तो व्यवसायाने संगणकाचा प्रोग्रॅमर होता आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी वारला. आतलं पहिलं गाणंही त्या चेहऱ्याला शोभेल असं आहे. गायकाचा आवाज एस.टी. स्टँडवरच्या कर्ण्यातून आल्यासारखा चिरका केलेला, आणि मध्येच सगळी वाद्यं एका श्वासात धावत सुटतात, गपकन थांबतात, पुन्हा धावतात. नवखा माणूस दचकून आवाज कमी करायला उठतो तोच दुसऱ्या गाण्यात शांत बासरी सुरू होते! त्यानंतर मेलोट्रॉन. ही एक गमतीदार पेटी आहे. तिच्या प्रत्येक पट्टीमागे फितीचा तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिनचा ताफा वगैरे आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत फिरते, आठेक सेकंदांत संपते, की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे तिचा आवाज खऱ्या व्हायोलिनांसारखा न येता, खरी व्हायोलिनं आठवत असल्यासारखा येतो. या तबकडीतलं निम्मं दुःख त्या पेटीचं आहे. पण याच तबकडीत बारा मिनिटांची एक रचना अशी आहे, की तिच्यातली नऊएक मिनिटं वादक इतकं अस्फुट टिंगटिंग करत बसतात, की मोरीतला नळ गळतोय की काय म्हणून उठून बघावं लागतं. आदिपंथीय याला ‘अवकाश’ म्हणतात. नवख्याला सुरुवातीलाच एवढा अवकाश दिला तर तो निघून जातो. आणि नेटाने बसलाच, तर १९७० ची दुसरी तबकडी ‘इन द वेक ऑफ पोसायडन’ हातात पडते आणि ती पहिलीची कार्बन कॉपी निघते: तोच गोंगाट, मग तीच शांतता, मग तेच दुःख, फक्त कार्बन थोडा जुना.

दुसरा पालपंथ. अनुयायी थोडे, पण निष्ठा जबर. यांची तबकडी ‘लिझर्ड’, १९७० च्या डिसेंबरातली. तिची एक अख्खी बाजू, तेवीस मिनिटं, एकाच रचनेने व्यापलेली आहे. तिच्यात जाझचा पियानो आहे, दुसऱ्या बँडातून पाहुणा म्हणून आलेला जॉन अँडरसन आहे, आणि सिनफील्डची इतकी नक्षीदार शब्दकळा आहे, की दागिन्यांखाली नवरी दिसू नये. हे लोक मुद्दाम इथूनच सुरुवात करायला सांगतात. विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारे काका आपल्याकडे असत, त्यांच्या जातीचे हे.

तिसरा चंडोलपंथ. १९७२ च्या उन्हाळ्यात फ्रिपने सगळे भागीदार नवे घेतले. बिल ब्रूफर्ड हा ड्रमवाला ‘येस’ नावाच्या बँडची भर बहरातली नोकरी सोडून आला. जॉन वेटन गायला आणि बास गिटारला, डेव्हिड क्रॉस व्हायोलिनला, आणि जेमी म्यूअर लोखंडी पत्रे, साखळ्या आणि हाताला लागेल ते बडवायला. १९७३ च्या त्यांच्या तबकडीच्या नावाचं भाषांतर ‘गोठवलेल्या रश्शातल्या चंडोलाच्या जिभा’ असं होतं. शाकाहारी वाचकांनी घाबरू नये, आत फक्त संगीत आहे. तबकडी निघण्याच्या सुमारासच म्यूअर हे सगळं सोडून स्कॉटलंडमधल्या एका बौद्ध मठात गेला. त्याने बडवलेले पत्रे ऐकल्यावर हा निर्णय सर्वांच्या हिताचा वाटतो खरा, पण ब्रूफर्डसारखा वादक पुढे आयुष्यभर त्याचं ऋण सांगत राहिला.

चौथा शिस्तपंथ. हे १९८१ च्या ‘डिसिप्लिन’वाले. सात वर्षं बंद असलेली पेढी उघडली तेव्हा गल्ल्यावर प्रथमच दोन अमेरिकन दिसले, एड्रियन बेल्यू आणि टोनी लेव्हिन. मेलोट्रॉनला रजा, दुःखालाही रजा. दोन गिटारी एकच बारीक नक्षी घेऊन निघतात, मग एक जण मधला एक सूर गाळतो. झालं, दोघांचे पाय चुकायला लागतात. दोन कॅशियर शेजारी-शेजारी नोटा मोजताहेत आणि एकाचा आकडा सतत एकाने मागे पडतो आहे असं वाटतं. पण दोघेही मोजायचे थांबत नाहीत आणि अखेर अचूक एका ठिकाणी येऊन भेटतात. आपल्या तबलजींची समेवर गाठ पडल्यावर जी मान हलते, तीच इथेही हलते. इंडोनेशियातल्या गॅमेलान वाद्यवृंदाची या कामावर छाया आहे. तबकडीतलं पहिलंच गाणं माणसांच्या बडबडीवर आहे: वाद, वितंडवाद, गप्पा, टप्पा अशा अर्थांच्या इंग्रजी शब्दांची वर्णानुक्रमे यादी. चाहत्यांची चर्चा ऐकूनच ते लिहिलं असावं, असं मला कधीकधी वाटतं.

पाचवा मैफलपंथ. हे तबकड्यांकडे तुच्छतेने बघतात. ‘स्टुडिओतलं काय ऐकता? अमुक साली अमुक गावी त्यांनी जे वाजवलं ते ऐका!’ २०१४ साली यांच्यासाठी एक पेटी निघाली, तिच्यात सत्तावीस तबकड्या आहेत आणि बहुतेक सगळ्या १९७३-७४ मधल्या मैफलींच्या. त्यांत तीच ती गाणी वेगवेगळ्या रात्री वाजवलेली. एकाच माणसाचे सत्तावीस पासपोर्ट-फोटो पाहून ‘बाविसाव्यात कान किती छान आले आहेत!’ म्हणणारे हे लोक आहेत. त्यांच्या बाजूने एक मात्र सांगितलं पाहिजे. १९७४ ची ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ ही तबकडी लोक स्टुडिओतली म्हणून ऐकतात, पण तिच्यातला मोठा भाग प्रत्यक्ष मैफलींत मुद्रित करून टाळ्या कापून टाकलेला आहे. म्हणजे हे लोक म्हणतात ते खरं आहे. पण खरं असणं वेगळं आणि नवख्याला उपयोगी असणं वेगळं.

या सर्व पंथांत एक गोष्ट समान. उत्तर देण्याआधी सगळे प्रश्नकर्त्याची केवायसी करतात. जाझ ऐकता का? विषम मात्रा सोसतात का? पूर्वी कुठल्या बँडात खातं होतं? आणि एवढी चौकशी करून अखेर जे नाव सांगतात, ते नेमकं त्यांचं स्वतःचं पहिलं असतं. ज्याने कॉलेजात असताना पहिली तबकडी ऐकली तो आदिपंथी. ज्याने नोकरी लागल्यावर ‘डिसिप्लिन’ ऐकली तो शिस्तपंथी. तो तुम्हांला तबकडी देतच नसतो. तो त्याची ती संध्याकाळ देऊ बघत असतो: ती खोली, तो पाऊस, शेजारी बसलेला तो मित्र, जो आता भेटत नाही. त्याच्या आवाजातला हट्ट त्यासाठी असतो. दुर्दैवाने या ठेवीवर ‘अहस्तांतरणीय’ असा शिक्का आहे. वारस लावता येतो, पण रक्कम त्याच्या खात्यात जमा होत नाही.

तरीपण समीक्षकाने ‘कुठूनही करा हो’ असं म्हणून अंग काढून घेऊ नये. सल्ला मागणाऱ्याला एक दार दाखवायलाच हवं. माझा भाचा हाच प्रश्न घेऊन आला तेव्हा मी त्याला केवायसीतला एकच प्रश्न विचारला.

“तुझ्याकडे सलग वेळ किती असतो?”

“मामा, ठाणे ते दादर. तेवढीच लोकल.”

“फास्ट की स्लो?”

“फास्ट.”

“उद्यापासून स्लो पकड,” मी म्हटलं, “आणि ‘रेड’ ऐक. चाळीस मिनिटांची आहे.”

या निर्णयामागे बँकेतला अनुभव आहे. काउंटरवर कोणीही माणूस पासबुक पहिल्या पानापासून वाचत नाही. तो शेवटची नोंद बघतो. मागे काय काय घडलं त्याचा सगळा परिणाम त्या एका ओळीत असतो, आणि ती बघूनच मागची पानं चाळायची की नाही हे तो ठरवतो. ‘रेड’ ही पहिल्या पेढीची अखेरची शिल्लक आहे. १ जुलै १९७४ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेवटची मैफल झाली. तिथून परतलेले फ्रिप, वेटन आणि ब्रूफर्ड हे तिघेच स्टुडिओत गेले. सप्टेंबरात फ्रिपने विसर्जन जाहीर केलं आणि ऑक्टोबरात तबकडी दुकानात आली. म्हणजे गिऱ्हाइकाने माल घेतला तेव्हा दुकानाला कुलूप होतं. वेष्टनाच्या मागच्या बाजूला आवाजाची पातळी दाखवणारी तबकडी आहे आणि तिचा काटा लाल भागात घुसलेला आहे. आमच्या भाषेत ओव्हरड्राफ्ट.

आणि त्या वेळी, कुलूप लागायच्या आधी, जुने भागीदार पाहुणे म्हणून आले. पहिल्या वर्षी निवृत्त झालेला मॅकडॉनल्ड सॅक्सोफोन घेऊन आला, मधल्या काळातला मेल कॉलिन्सही आला. १९६९ चा मेलोट्रॉन इथे आहे आणि १९७३ चा गोंगाटही. तेवढ्यासाठी मी ही तबकडी सुचवतो: इथे उभं राहिलं की मागचा आणि पुढचा, दोन्ही रस्ते दिसतात.

तिच्यातली शेवटची रचना ‘स्टारलेस’. वेटनने हिचा आराखडा आधीच्या तबकडीसाठी आणला होता, पण फ्रिप आणि ब्रूफर्ड यांना तो तेव्हा फारसा रुचला नाही. ‘त्रुटींसह परत’ असा शेरा मिळालेला हा अर्ज. पुढल्या खेपेला मंजूर झाला तो बारा मिनिटांचा होऊन. सुरुवातीला मेलोट्रॉन, त्यावर गिटारची एक लांब, उदास धून, मग वेटनचा भरदार आवाज. चार-साडेचार मिनिटं सगळं संथ आणि सुंदर चाललेलं असतं. मग गाणं थांबतं. बास गिटार तेरा मात्रांची एक कुरकुरती घडी घालायला लागते आणि तिच्यावर फ्रिप वाजवतो एकच सूर. एकच! पुन्हा तोच. मिनिट होतं, दोन होतात. सूर किंचित वर सरकतो, पुन्हा तिथेच टोचत बसतो. खाली ड्रम एकेक पाऊल जवळ येतात. रांगेत टोकन घेऊन बसलेल्या माणसाचा पाय जसा आपोआप हलायला लागतो, तसं होतं. आता काहीतरी होणार, आता होणार, आणि होत नाही. सहन होईनासं होतं तेव्हाच बांध फुटतो, सॅक्सोफोन उसळतो, सगळे धावत सुटतात. आणि त्या धावपळीच्या टोकाला ती पहिली धून परत येते. सूर तेच आहेत. पण आपण आता ते मधलं सगळं भोगून आलेले असतो, त्यामुळे मघाशी जी उदास वाटली होती तीच आता प्रचंड वाटते. या बँडने पन्नास वर्षांत जे जे करून बघितलं, ते सगळं या बारा मिनिटांत ओळीने भेटतं. ज्याला हे भावलं त्याने मागे १९६९ कडे जावं किंवा पुढे १९८१ कडे. ज्याला भावलं नाही त्याने खुशाल दुसरं काही ऐकावं. त्याचं चाळीस मिनिटांवर भागलं. सत्तावीस तबकड्यांची पेटी घेऊन बसला असता तर घरी काय सांगितलं असतं?

यावर चंडोलपंथी म्हणतील, चुकीच्या दाराने शिरलेल्या माणसाला दरबार दिसतच नाही. त्यांना मी जॅको जॅक्झिकचं उदाहरण देतो. १९७१ साली, पोरवयात, याने किंग क्रिमझनची मैफल पाहिली. ते भागीदार पुढे पुष्कळ वर्षं हिणवले गेले. गायला घेतलेल्या बॉझ बरेलला बास गिटार फ्रिपने स्वतः शिकवली होती, आणि त्यांच्या दौऱ्याची १९७२ साली निघालेली तबकडी कॅसेटवर मुद्रित केलेली आणि इतकी खरखरीत, की अमेरिकेतल्या वितरकांनी ती घेतलीच नाही. कुठल्याही पंथाने शिफारस केली नसती असलं ते दार! पण ते पोर त्याच दाराने आत गेलं, भारावलं, वाजवायला शिकलं, आणि २०१४ ते २०२१ या अखेरच्या पर्वात किंग क्रिमझनचा गायक होऊन त्याच मंचावर उभं राहिलं. शेजारी मेल कॉलिन्स, जो १९७१ च्या त्या भागीदारांपैकीच एक. म्हणजे दार दाखवणाऱ्याने आपल्या मताचा अभिमान जरा बेतानेच बाळगावा. माझ्यासकट.

राहता राहिला पुस्तपालनातला तो एक धडा, जो मी मघापासून टाळत आलो.

अखेरच्या त्या पर्वात तीन ड्रमवाले मंचाच्या पुढच्या रांगेत बसत आणि गिटारवाले मागे. त्या तिघांत बिल रीफ्लिन नावाचा एक अमेरिकन होता. पुढे तो पेटीवर बसू लागला. त्याला कर्करोग झाला होता आणि तो बरा होणारा नव्हता. टोबी एमीस या दिग्दर्शकाने या बँडवर केलेला माहितीपट २०२२ साली प्रदर्शित झाला, त्यात रीफ्लिन दिसतो. शांत, थोडा मिस्कील, दुखणं लपवून न ठेवणारा. हाताशी उरलेला वेळ कशात घालवायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि त्याने तो दौऱ्यावर, या आडमुठ्या, विषम मात्रांच्या संगीतात घालवला. २४ मार्च २०२० रोजी तो गेला. चित्रपट बाहेर आला तेव्हा तो बघायला तो नव्हता. पाठ्यपुस्तकात मृत भागीदाराच्या खात्याचा हिशेब शेवटच्या तारखेपर्यंत करायला शिकवतात: भांडवल, नफ्यातला हिस्सा, ख्यातीतला वाटा. ती बेरीज मी शेकडो वेळा बरोबर केली आहे. पण त्या माणसाने त्या महिन्यांत काय वाजवलं, ते कुठल्या रकान्यात मांडायचं, हे तिथे कुठे दिलेलं नव्हतं.

रीफ्लिनला पाहिल्यावर चाहत्यांच्या भांडणाकडे मी जरा निराळ्या नजरेने बघायला लागलो. कुठून सुरुवात करावी, यावर आपण रात्र-रात्र काथ्याकूट करतो, कारण आपण धरून चाललेलो असतो की वेळ मुबलक आहे. मूळच्या पाच जणांतले लेक २०१६ साली गेले, मॅकडॉनल्ड २०२२ साली आणि सिनफील्ड २०२४ साली. वेटन २०१७ साली गेले. यांतल्या कोणाचंही संगीत, ‘आधी तो क्रम नीट लावून घेऊ’ म्हणणाऱ्याची वाट बघत थांबलेलं नव्हतं. ते त्या त्या वर्षी, त्या त्या माणसांना जमलं तसं झालं, आणि ती माणसं पुढे गेली.

तेव्हा वाचकहो, दार मी दाखवलं आहे. १९७४, ‘रेड’, चाळीस मिनिटं. घाई असेल तर शेवटची बारा. फार शोधाशोध करावी लागणार नाही, २०१९ पासून हे सगळं मोबाइलवर मिळतं. ऐकताना मधल्या त्या एकाच सुरापाशी पुढे ढकलू नका. तिथे थोडा वेळ कळ काढावी लागते. ऐकून झाल्यावर, पुढे काय ऐकू, असं मात्र कुठल्याही चाहत्याला विचारू नका. आणि विचारायचंच असेल तर जेवून जा. लवकर सुटका होणार नाही.